'नावावर झाली' म्हणजे नेमकं काय झालं?

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, माझं वय ४६. चौदा वर्षं सिडनीत आहे, कॅसल हिलला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. मूळची सातारा जिल्ह्यातली. पाच कथा दिवाळी अंकांत छापून आल्यात. तीन वर्षं आईच्या आजोबांवर, म्हणजे माझ्या पणजोबांवर कादंबरी लिहितेय, १४० पानं झालीत. लहानपणापासून घरात ऐकलेलं वाक्य असं, 'त्यांच्या काळात चाळीस एकर आपल्या नावावर झाली.' मागच्या दिवाळीत आईच्या चुलतबहिणीला, वय ८१, फोनवर सहज त्याबद्दल विचारलं. मावशी म्हणाली, "झाली म्हणजे? मुदतखरेदीचा कागद होता, मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत त्याची. माणूस पैसे घेऊन सोडवायला आला, तर दोन दिवस घरात असून भेटले नाहीत. मुदत टळली." त्या दिवसापासून माझी एक ओळ पुढे सरकलेली नाही. आई म्हणते, मेलेल्या माणसाची अब्रू काढू नकोस. मनात येतं, नोकरी सोडावी आणि इथल्या विद्यापीठात लेखनाची रीतसर पदवी घ्यावी. नवरा म्हणतो, लिहिणं काय शिकवून येतं का? आणि मुलगी बारावीला असताना हीच वेळ सापडली? एका मैत्रिणीने केट ग्रेनव्हिलचं नाव सांगितलं. ती मोठी कादंबरीकार आहे, लेखन शिकवलंयही. तिच्या वाटेने जावं का?

— अडकलेली, कॅसल हिल

उत्तर

अडकलेल्या ताई,

तुमच्या मैत्रिणीने नाव अगदी नेमकं सांगितलंय. का, ते तिलाही बहुधा ठाऊक नसावं. तुम्ही नोकरीचं विचारलंत, पदवीचं विचारलंत, म्हणून ती दोन्ही उत्तरं देईनच. पण तुमचं पत्र वाचताना माझं बोट 'नावावर झाली'वरच अडकून राहिलं, तेव्हा आधी तिथूनच.

केट ग्रेनव्हिलबाईंच्या घरातही असंच एक वाक्य होतं. आईने सांगितलेलं. त्यांचे पूर्वज सॉलोमन वाइजमन, लंडनला थेम्स नदीवर होडीवाले. लाकूड चोरलं म्हणून पकडले गेले आणि १८०६ मध्ये कैदी म्हणून ऑस्ट्रेलियात आले. सुटल्यावर त्यांनी हॉक्सबरी नदीकाठी जमीन 'टुक अप' केली आणि पुढे पैसेवाले झाले. इंग्रजीत तो शब्दप्रयोग इतका सरावाचा आहे की कुणाच्या कानाला खटकत नाही. आपण 'जमीन करायला घेतली' म्हणतो ना, तसा. मेलिसा लुकाशेंको या आदिवासी लेखिकेशी बोलताना ग्रेनव्हिलबाईंनी हे वाक्य उच्चारलं आणि तिने तिथेच अडवलं. 'टुक अप' कशाला, नुसतं 'टुक' म्हणा. घेतली. नदीकाठी धारुग लोक राहत होते, त्यांच्याकडून घेतली.

एवढासा 'अप'. दोनशे वर्षं एका कुटुंबाची अब्रू त्याने झाकून ठेवली होती.

आता तुमचं वाक्य बघा. 'नावावर झाली.' मराठीत याहून चतुर क्रियापद शोधून सापडायचं नाही. पाऊस झाला, पहाट झाली, जमीन नावावर झाली. कुणी काही केलंच नाही! आणि तुमच्या मावशीबाईंनी फोनवर एका झटक्यात विचारलं, "झाली म्हणजे?" तुमच्या लुकाशेंको त्या. तुम्हाला वाटतंय की त्या दिवशी तुमचं लिहिणं थांबलं. मला वाटतं, त्याआधीची १४० पानं 'झाली' या क्रियापदात लिहिलेली आहेत आणि आता ते क्रियापद तुम्हाला वापरवत नाही, म्हणून हात थांबलाय. हा आजार नाही. शुद्ध आली की असं होतं.

ग्रेनव्हिलबाईंचंही असंच थांबलं होतं. २८ मे २००० या दिवशी सिडनीत हार्बर ब्रिजवरून आदिवासी आणि बाकीच्या ऑस्ट्रेलियनांच्या समेटाची पदयात्रा निघाली, सुमारे अडीच लाख माणसं चालली. त्याही चालल्या. कठड्यापाशी उभ्या असलेल्या एका आदिवासी बाईशी नजरानजर झाली, दोघी हसल्या, आणि यांच्या मनात आलं की आपले सॉलोमनबाबा नदीकाठी गेले तेव्हा या बाईचे पूर्वज तिथे असतील, तर त्या भेटीत काय झालं असेल? घरच्या गोष्टीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मग त्या लंडनच्या आणि सिडनीच्या दप्तरखान्यांत बसल्या, ओल्ड बेली या लंडनच्या कोर्टातल्या खटल्याचे कागद काढले, वह्या भरल्या. त्यांना लिहायचं होतं ते सॉलोमन वाइजमन यांचं चरित्र, खऱ्या नावानिशी. कादंबरी डोक्यात नव्हती. बरंच लिहून झाल्यावर कळलं की नेमकी हवी ती जागा कागदपत्रांत कोरीच आहे. मग स्वतःला पुस्तकातून काढलं, सॉलोमनचा विल्यम थॉर्नहिल केला, आणि मसुद्यामागून मसुदे लिहीत २००५ मध्ये 'द सीक्रेट रिव्हर' आली. पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला, बुकरच्या अंतिम यादीतही ती होती. पुढे तिचं नाटक झालं, दूरचित्रवाणी मालिका झाली.

तुमच्या घरापासून ही गोष्ट किती लांब आहे, ठाऊक आहे? कॅसल हिलमधून जाणारा तो ओल्ड नॉर्दर्न रोड धरून सरळ जात राहिलात तर तासाभरात रस्ता नदीत उतरतो. ते गाव वाइजमन्स फेरी. याच सॉलोमनबाबांच्या नावाचं. १८२७ पासून तिथे नदी ओलांडायची तर, म्हणजे फेरीबोट, चालू आहे. आजही गाड्या त्या तरीवर चढतात, पैसे पडत नाहीत, पलीकडे पोहोचायला काही मिनिटं लागतात. बाबांनी बांधलेल्या घरात आता खानावळ आणि गुत्ता आहे. तुम्ही सहलीला गेलाही असाल, वांगीभात आणि दहीभाताचे डबे घेऊन. माझी एक भाची गेली होती, तिने मला तरीचे बारा फोटो पाठवले आणि नदीचं मूळ नाव डेरुबिन आहे हे तिला माहीत नव्हतं. तिचा दोष नाही, पाटीवर दुसरंच नाव असतं.

आता नोकरी.

बाईंचा जन्म १९५० चा, सिडनीचाच. वडील वकील, आई फार्मासिस्ट. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर त्यांनी फिल्म ऑस्ट्रेलियात माहितीपटांच्या संकलनाचं काम केलं. मग लंडन आणि पॅरिसला राहिल्या, मिळतील ती कामं केली, लिहीत राहिल्या. तिशीच्या आसपास अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात गेल्या आणि लेखनात एमए केलं. परत आल्यावर एसबीएस वाहिनीवर परभाषेतल्या चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं देण्याचं काम. १९८४ मध्ये पहिला कथासंग्रह आला, आणि त्याच वर्षी 'लिलियन्स स्टोरी'च्या हस्तलिखिताला व्होगेल पुरस्कार मिळाला. तो पस्तिशीच्या आतल्यांसाठी होता, तेव्हा तुमचा-माझा प्रश्न मिटला.

या यादीत मला लेखनाच्या एमएइतकंच संकलनाचं टेबल आणि उपशीर्षकं महत्त्वाची वाटतात. उपशीर्षकात माणूस पडद्यावर बोलतोय तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तुमचं वाक्य वाचून व्हायला हवं, एक शब्द जास्त झाला की वाचणाऱ्याचा चेहरा बघायचा राहतो. असं काम रोज करणाऱ्या बाईला पाल्हाळ कसा सुचेल? आणि संकलनात तर आवडलेलं दृश्यच कापावं लागतं. माझ्या एका कथेची शेवटची दोन पानं एका संपादकांनी न विचारता उडवली होती. मी वर्षभर धुसफुसले. पुढे संग्रह काढायची वेळ आली तेव्हा मीही ती पानं घेतली नाहीत, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही दिवसभर टेस्टिंग करता, म्हणजे दुसऱ्याने 'चालतंय' म्हटलेलं कुठे मोडतं ते शोधता. तुमच्या १४० पानांना सध्या याच कसबाची गरज आहे, आणि त्यासाठी तुम्हाला पगारही मिळतोय. सोडू नका.

शिवाय पैशाचं सरळ बोलायचं तर, बाईंना ऑरेंज पुरस्काराचे, म्हणजे स्त्री कादंबरीकारांसाठीच्या ब्रिटिश पुरस्काराचे, तीस हजार पौंड मिळाले ते २००१ मध्ये, 'द आयडिया ऑफ परफेक्शन'साठी. पहिल्या कादंबरीनंतर सोळा वर्षांनी. एका आडगावातला वाकलेला जुना लाकडी पूल, तो पाडायला आलेला आणि उंचीला भिणारा अभियंता, आणि गोधड्यांसारखी जोडकामं करणारी एक अवघडलेली बाई, अशी ती कादंबरी. मिळाली तर जरूर वाचा, मला ती 'सीक्रेट रिव्हर'पेक्षा जवळची वाटते. पण घरखर्च तिच्या भरवशावर धरू नका.

तुमच्या यजमानांचा प्रश्न, लिहिणं काय शिकवून येतं का? त्यांना विचारा, गाणं शिकवून येतं का? तिथे आपल्याला गुरू लागतो, रियाज लागतो, वर्षानुवर्षं नुसता षड्ज लावणारे शिष्य आपल्याला थोर वाटतात. लिहिणं मात्र आपण थेट सरस्वतीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. प्रतिभा शिकवता येत नाही, कबूल. पण पहिल्या खर्ड्याला घाबरायचं नाही, हे शिकवता येतं आणि ते फार कमी लोक शिकवतात.

ग्रेनव्हिलबाईंनी शिकवलं ते हेच. १९९० मध्ये आलेलं त्यांचं 'द रायटिंग बुक' हे हाताने करायच्या स्वाध्यायांचं पुस्तक आहे. कल्पना सुचण्याची वाट न बघता वेड्यावाकड्या तुकड्यांनी सुरुवात करा, क्रम मागाहून लागतो, दुरुस्ती तर फारच मागाहून, असा त्याचा सूर. २००१ मध्ये शाळकरी मुलांसाठी त्यांनी सहा पायऱ्यांचं पुस्तक काढलं: सुचवणं, निवडणं, आराखडा, खर्डा, फेरलेखन आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन-बिद्धलेखन. तुमच्या बारावीतल्या लेकीलाही उपयोगी पडेल, दोघींत एक घ्या. मला मात्र त्यांनी सू वुल्फ यांच्यासोबत १९९३ मध्ये केलेलं 'मेकिंग स्टोरीज' सगळ्यात भावतं. दहा ऑस्ट्रेलियन कादंबऱ्या घेतल्या आणि त्या कशा घडल्या ते लेखकांच्या खर्ड्यांसकट दाखवलं. छापील पान आणि त्याचं बाळपण शेजारी शेजारी. किती फालतू वाक्यांतून ती चांगली वाक्यं वर आली आहेत! आपल्याकडे असं कुणी करत नाही. आपले लेखक खर्डे रद्दीत घालतात आणि मुलाखतीत 'एका बैठकीत लिहून झालं' म्हणतात.

त्या दहांत एलिझाबेथ जॉली आहेत. वयाची काळजी वाटत असेल तर त्यांच्याकडे बघा. जन्म इंग्लंडचा, परिचारिका, १९५९ मध्ये पर्थला आल्या, दारोदार वस्तू विकल्या, घरं साफ केली. पहिलं पुस्तक निघालं १९७६ मध्ये, वय ५३. मग तिथल्याच संस्थेत लेखन शिकवू लागल्या आणि पुढे मोठा कादंबरीकार झालेला टिम विंटन त्यांच्या वर्गात बसला. तुमच्या हातात अजून सात वर्षं आहेत, पुढे बोलू नका.

पदवीबद्दल माझी एक वेगळीच शंका आहे. तुम्ही मराठीत लिहिता. तिथल्या वर्गात तुमचं पान इंग्रजीत वाचलं जाणार. 'नावावर झाली' तुम्ही इंग्रजीत नेलंत की त्यातला चोरटेपणा वाटेतच सांडणार, आणि तुमची सगळी कादंबरी त्या चोरटेपणावर उभी आहे. वर्गातली माणसं पणजोबांचं कौतुक करतील, साताऱ्याच्या उन्हाचं करतील, 'ओसरी' शब्दाखाली रेघ ओढून 'किती सुंदर' लिहितील. तेवढ्यासाठी दोन वर्षं आणि एवढी फी? ग्रेनव्हिलबाईंनी डॉक्टरेट केली ती २००६ मध्ये, सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातून, पंचावन्नाव्या वर्षी, 'द सीक्रेट रिव्हर'च्याच कामावर. पुस्तक आधी, पदवी नंतर, असाही क्रम असतो.

त्यापेक्षा छोटे अभ्यासवर्ग घ्या. सिडनीत कॅलन पार्कमध्ये रायटिंग एनएसडब्ल्यू ही संस्था आहे, तिथे शनिवार-रविवारचे वर्ग होतात. आणि लेकीची परीक्षा झाली की कटूंबाला वरुणा नावाचं लेखकांचं घर आहे, तिथे अर्ज करा. एलेनॉर डार्क या कादंबरीकार बाईंचं ते घर, आता लेखकांना राहून लिहायला मिळतं. नाव आपल्या वरुणदेवाचं, तेवढ्यावरही जायला हरकत नाही.

आता आई. मला इथे घाई करायची नाही, कारण तुमचा खरा पाय इथेच अडकलाय.

'मेलेल्या माणसाची अब्रू काढू नकोस' हे त्या रागाने म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांचं शिक्षण, लग्न, कदाचित अंगावरचे दागिनेही त्या चाळीस एकरांतून आले. तुम्ही पणजोबांना प्रश्न विचारताय, पण उत्तर द्यायला घरात त्या एकट्याच उरल्यात. ग्रेनव्हिलबाईंची आजी डॉली बघा. घरात तिची ख्याती कडू, हुकूम सोडणारी, मायेचा शब्द न बोलणारी म्हातारी अशी. नातीने तिच्यावर २०२३ मध्ये 'रेस्टलेस डॉली मॉन्डर' लिहिली. १८८१ मध्ये मेंढ्या पाळणाऱ्या घरात जन्मलेली मुलगी, तिला शिक्षिका व्हायचं होतं, बापाने साफ नाही म्हटलं. मग आयुष्यभर दुकानं, खाणावळी, हॉटेलं घेत-विकत फिरली, एका जागी टिकली नाही. ती गोड होती असं बाई कुठेही म्हणत नाहीत. कडू का झाली, एवढंच शोधतात. पणजोबांना असं बघता येईल? ते दोन दिवस दाराआड बसले, हे लपवायचं नाही. पण तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल, तेही शोधायचं. त्यांच्यावर कुणाचा कागद होता? आदल्या वर्षी पाऊस पडला होता का?

आणि आईला 'हे खरं का?' असं विचारू नका. माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. विचारा, तुझ्या आजोबांच्या ओसरीवर आलेल्या माणसाला कुठे बसवायचे? घोंगडी कुणाला टाकायचे आणि कुणाला नाही? पाणी कोण आणून द्यायचं, तांब्यातून की वरून ओतून? आतल्या खोलीतून ओसरी दिसायची का? तुमची कादंबरी या उत्तरांत आहे, आणि ती देताना आईला आजोबांविरुद्ध साक्ष दिल्यासारखंही वाटणार नाही.

कागद मात्र काढाच. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आलेत, तुमचा जिल्हा आणि गाव तिथे सापडतं का बघा. त्याआधीचे दस्त मोडीत निघाले तर मोडी वाचणारा गाठा. पुण्यात पुष्कळ आहेत. फेरफाराच्या नोंदीत सोडवायला आलेल्या त्या माणसाचं नाव असेल. तुमच्या पत्रात तो 'माणूस' आहे, लक्षात आलं का? पणजोबांना नातं आहे, त्याला नावसुद्धा नाही. कादंबरीत त्याचं खरं नाव घालू नका, त्याची पणतवंडंही कुठेतरी असतील आणि त्यांना तुम्ही विचारलेलं नाही. गावाचं नावही बदला. पण तुम्हाला ते ठाऊक असू द्या.

त्याच्या मनात शिरायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. बाईंनी धारुग माणसांच्या मनात शिरायचं टाळलं, ती आपली जागा नाही म्हणून सगळं थॉर्नहिलच्या डोळ्यांनी दाखवलं. त्यावरही बोलणी खाल्ली, की मग ती माणसं दुरूनच दिसतात. इंगा क्लेंडिनन या इतिहासकार बाईंनी तर २००६ मध्ये एक लांब निबंध लिहून त्यांना झोडपलं. एका काळातला खरा प्रसंग उचलून दुसऱ्या काळात बसवला की त्याचा अर्थच बदलतो, आणि कादंबरीकाराने आपल्याला इतिहास जास्त कळतो असा आव आणू नये, असं त्यांचं म्हणणं. मला क्लेंडिननबाईंचं बरंचसं पटतं. तुम्ही हवं ते बदला, पण मावशीबाईंनी सांगितलेले ते दोन दिवस तीन करू नका, एक करू नका.

आणि हे एका पुस्तकात संपेल असंही धरू नका. बाई सत्तरी ओलांडून त्याच नदीपाशी परत गेल्या. २०२५ च्या 'अनसेटल्ड'मध्ये त्या पूर्वजांच्या गावागावांतून गाडी चालवत फिरतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात. मध्येच एकदा अत्तरांमुळे डोकं दुखतं म्हणून सुगंधांविरुद्धही एक अख्खं पुस्तक लिहून झालं. सांगायचं म्हणजे बाई भांडखोर आहेत आणि मला आवडतात.

तुमची १४० पानं फाडू नका. एका फाइलीत ठेवा, वर 'झाली' असं नाव लिहा. नवीन वहीत एकच प्रसंग लिहा, चार पानांचा: ओसरीवर बसलेला माणूस, कनवटीला बांधलेले पैसे, आत दाराआड उभे पणजोबा आणि मध्ये पाणी घेऊन आलेली पणजी. तिला दोन्हीकडचं दिसतंय. ती काय सांगते? 'घरात नाहीत' हे वाक्य कुणी उच्चारलं, हे अजून तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

मावशीबाईंना ते ठाऊक असण्याची शक्यता आहे. त्या ८१ च्या आहेत. सध्या तुमच्याकडे हिवाळा आहे, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजले की इकडे दुपारचा एक. ताट पुसून झालेलं असतं, अजून त्या आडव्या झालेल्या नसतात. तेव्हा फोन लावा.

— तुमची ताई